सगळं तसंच

रुवीत, पगाराच्या रात्री,
दहाच्या सुमारास ॲप धापा टाकू लागलं.
लेबर कॅम्पांतून, बसमधून,
अर्ध्या उठलेल्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावरून
एकाच वेळी हजारो अंगठे:
पैसे घरी. पैसे घरी.

मी लॉग उघडला.
वाटलं, हिशेब अडला असेल, दर अडले असतील,
बँकेनं दार लावून घेतलं असेल.
तसलं काही नव्हतं.
आमचा सर्व्हर झेंडे वाटत बसला होता.

नेपाळचा झेंडा. बांगलादेशचा. फिलिपिन्सचा. पुन्हा नेपाळचा.
कंपनीचं सोनेरी बोधचिन्ह,
दोन फॉन्ट, एक हिरवं बटण.
ज्या हातांनी रियालचे रुपये करायचे
तेच हात प्रत्येकाला चित्र नेऊन देत होते,
आणि मागे रांगेत ताटकळत होता
कुणाच्या तरी बहिणीच्या फीचा हप्ता.

आमच्याकडे उदगीरला पंगतीत
आचारी पाणी वाढत नाही.
त्यानं कढई सोडायची नाही.
पाण्याला पोरं असतात, दहा-बारा वर्षांची,
जगातलं दुसरं काही न येणारी,
हातात जग घेऊन धावणारी.
झुवैनाला हे मी हातवारे करून सांगितलं.
ती म्हणाली, मग पोरं ठेव ना.

ठेवली.
दारातच एक साधा सर्व्हर बसवला,
अक्कल बेताची, पाय चपळ.
डिस्कवरून उचललं की थेट तारेवर,
मधे कुणाच्या हाताला लागणं नाही.
फायली आधीच दाबून ठेवल्या,
जशी तीस किलोची बॅग खोलीवरच गुडघा देऊन बांधतात,
काउंटरवर, मागची रांग खोळंबवून, नाही.

आणि प्रत्येक फायलीच्या नावात तिचाच ठसा.
आतला एक स्वल्पविराम हलला तरी नाव बदलतं.
असं नाव असलं की फोनला बेधडक सांगता येतं,
वर्षभर ठेव तुझ्याकडे. मला विचारू नकोस.

ज्यांना नाव बदलायची सोय नाही,
पहिलं पान वगैरे,
त्यांच्यासाठी मात्र दर वेळी विचारावं लागतं: काही बदल?
आपण म्हणायचं, तीनशे चार.
म्हणजे, नाही. आहे तेच वापर.
रिकामा लखोटा, वर नुसता शिक्का.
याहून स्वस्त उत्तर नाही.

साडेअकराला आलेख खाली बसला.
शिहाबुद्दीननं कागदी कपांतून करक आणला.
झुवैनानं काचेला हात लावून पाहिला,
बाहेरचे डोंगर अजून उतरवलेल्या तव्यासारखे.

पहाटे खोलीवर जाता जाता आईला फोन लावला.
नऊ वर्षं माझा तोच प्रश्न, काय नवीन?
आणि तिचं तेच, काही नाही रे, सगळं तसंच.
मीही जवळ होती तीच आई वापरत आलो,
मागच्या सुट्टीतली, चौदा महिन्यांपूर्वीची.

आज ती म्हणाली,
शगळं तशंच.

मी थांबलो. सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल झाला.
आई, परत म्हण.
काय परत?
तसंच म्हण.

पलीकडे गप्प. मग हसली, तोंडावर हात ठेवून;
तो हातसुद्धा ऐकू आला.
दात काढले वरचे, सगळे. कवळी बसवली.
झाले पंधरा दिवस. त्यात काय सांगायचं.

कुणी नेलं, मी विचारलं. किती दुखलं.
भाकरी कशी खातेस. रात्री काढून कशात ठेवतेस.
ती सांगू लागली, पहिल्यापासून,
रिक्षावाल्याच्या नावासकट, डॉक्टरच्या बायकोसकट,
लांबलचक, जड, वेळ खाणारं उत्तर.
फोनमधला बॅलन्स संपत आल्याची टिकटिक वाजली.

वाजू दिली.